कपाटामागचं इंग्रजी

हजेरीपटावर तिच्या नावापुढे 'भाषा-साहाय्य शिक्षिका' असं लिहिलेलं होतं. एवढं लांबलचक पद उच्चारायला त्या सरकारी शाळेत कुणाला सवड नव्हती. ती रुजू झाली त्याच आठवड्यात भूगोलाच्या बाई म्हणाल्या, "साहाय्य म्हणजे कलत्या भिंतीला टेकू लावतात, तसंच ना हो?" झालं. त्या दिवसापासून ती टेकूबाई.

तिनं ते हसण्यावारी नेलं. तिच्या नवऱ्याला मात्र राग आला. तो लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करायचा आणि टेकू, कप्प्या, तारा या गोष्टींची थट्टा त्याला चालत नसे.

"टेकू काढला की भिंत पडते, हे त्यांना ठाऊक आहे ना?"

"त्यांच्या मते भिंत आधीच पडलेली आहे," ती म्हणाली.

शाळेत सगळं इंग्रजीतून चाले. ज्या मुलांच्या घरी इंग्रजीचा वारासुद्धा नव्हता, त्यांना रोज एक तास वर्गाबाहेर काढून इंग्रजी बोलायला शिकवायचं, हे तिचं काम. सहा मुलं होती. त्यांच्या घरच्या भाषा तीन. त्यातली एक तिला येत होती, दुसरी अर्धीमुर्धी, आणि तिसरीचा तिला गंधही नव्हता. ती तिसरी भाषा बोलणारी एकच मुलगी होती. बोलणारी म्हणायचं ते आपलं म्हणायचं, कारण शाळेत आल्यापासून तिनं कुठल्याच भाषेत तोंड उघडलेलं नव्हतं. दहा वर्षांची, दोन घट्ट वेण्यांची, आणि डोळे असे की जणू समोरच्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसाकडे बघते आहे. सगळे तिला गप्पी म्हणत.

टेकूबाईचं काम फार महत्त्वाचं आहे, याबद्दल शाळेत एकमत होतं. इतकं महत्त्वाचं, की ते कुठे बसून करायचं हा विषय दर महिन्याला नव्यानं निघायचा. आधी तिला एक खोली होती. मग नवे संगणक येणार म्हणून ती रिकामी करून घेतली. संगणक काही आले नाहीत, त्यांची खोकी आली. संगणक मागाहून येणार होते. मग ग्रंथालयात बसायचं ठरलं. तिथे भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी, आणि खाली टेकूबाई मुलांना सांगते आहे, "बोला, मोठ्यानं बोला!" चौथ्या दिवशी ग्रंथपालानं हात जोडले. तिथून जिन्याखाली. जिन्याखाली दर घंटेला सबंध शाळेची पावलं डोक्यावरून जायची आणि वाक्य अर्ध्यात तुटायचं. टेकूबाईच्या मुलांचं इंग्रजी त्या काळात कर्त्यापाशीच थांबलं. क्रियापदापर्यंत पोचायच्या आत घंटा होई.

शेवटी ती मोठ्या बाईंकडे गेली. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. नकार देताना त्या कधीच नाही म्हणत नसत. "तत्त्वतः मला मान्य आहे," असं म्हणत. त्या दिवशी मात्र त्यांना काय सुचलं कोण जाणे, म्हणाल्या, "शिक्षकांच्या खोलीत एक कोपरा आहे ना?"

शिक्षकांच्या खोलीत हलकल्लोळ झाला.

"श्वास घ्यायला एवढी एकच जागा आहे आम्हाला," गणिताचे सर म्हणाले. ते शाळेत सगळ्यांत जुने. त्यांचा शब्द सहसा खाली पडत नसे. "तिथेही पोरं?"

बराच खल होऊन तह झाला. खोलीच्या टोकाला पोलादी कपाट आडवं लावायचं आणि त्याच्यामागे सहा खुर्च्या टाकायच्या. अट एकच, मुलांचा आवाज बाहेर येता कामा नये. टेकूबाईनं ती कबूल केली. दुसरं करणार काय? अशा रीतीनं संभाषणाचा वर्ग कुजबुजत सुरू झाला.

खात्यानं दिलेला चित्रांचा गठ्ठा तिच्याकडे होता. सफरचंद, छत्री, शिडी, पाणघोडा. या मुलांची पाणघोड्याशी कुठे गाठ पडणार होती देव जाणे, पण खात्याला त्याची फार काळजी असावी, कारण तो बसलेला, उभा आणि पाण्यातला असा तीनदा होता. टेकूबाई चित्र वर धरायची, मुलं ओठ हलवायची. आवाज नाही. लांबून कुणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, मासे आहेत.

आणि कपाटाच्या पलीकडे मोकळ्या गळ्यानं गप्पा चालायच्या. तिसऱ्या तासाला निम्म्या शिक्षकांना सुट्टी असे. शिक्षकही निरनिराळ्या भाषांचे, त्यामुळे आपापसात बोलायचे ते इंग्रजीतूनच. चहाची किटली सुस्कारे टाकू लागली की तोंडं सुटत. पहिल्या दिवशी भूगोलाच्या बाई जरा अडखळल्या आणि त्यांनी कपाटाकडे बोट दाखवलं. गणिताच्या सरांनी हात झटकला.

"खुशाल बोला हो. त्यांना काय कळतंय?"

मग काय, खुशाल बोलणं सुरू झालं. भूगोलाच्या बाईंचा विषय ठरलेला होता: त्यांची जाऊ. एकाच घरात दोघी, मधे अंगण. जावेनं त्या अंगणात एके दिवशी भिंत घालायला काढली होती. आज एक थर चढला, आज वाळू संपली, आज भिंत ठेवायची की पाडायची यावरून दिराची आणि जावेची जुंपली, उद्या मिस्त्री येणार नाही. त्याखेरीज त्यांची कंबर. गणिताच्या सरांकडे विषय बरेच होते. वरून लादलेली कामं, खालून चढलेली पोरं, आणि दोन्हींच्या मधे चिरडलेला सज्जन माणूस, म्हणजे ते. सर गेले की सरांच्या केसांचा विषय निघे. सोमवारी ते काळेभोर असत आणि शुक्रवारपर्यंत कडेनं खरं बोलू लागत.

टेकूबाईला वाटायचं, या गोंगाटात पोरांचं लक्ष कसं लागणार? ती आणखी हळू कुजबुजायची, चित्र आणखी वर धरायची.

असे काही आठवडे गेले. मग एकदा उंट आला. उंट हा सहा जणांतला सगळ्यांत उंच, मानेनं पुढे आलेला मुलगा. खांद्यावरचं दप्तर त्यानं जमिनीवर टाकलं, एक हात पाठीवर ठेवला, डोळे मिटले आणि स्वच्छ इंग्रजीत म्हणाला, "आई गं, कंबर गेली माझी."

शब्द तर बरोबर होतेच, पण सुस्कारासुद्धा जिथे यायला हवा तिथेच आला होता. टेकूबाईनं तोंडावर हात दाबला. तेवढ्यात सहांतल्या दोघा जुळ्या भावांपैकी एक खुर्ची ओढत म्हणाला, "सरक जरा." दुसरा म्हणाला, "तुझं काय जातंय सांगायला? इथे मरमर मरतंय कोण?"

'मी', 'तू', 'हे सफरचंद आहे' यापलीकडे ज्यांची मजल गेली नव्हती, ती ही मुलं.

टेकूबाई त्या दिवशी घरी गेली ती गोंधळून. जेवताना तिनं सगळं सांगितलं. नवरा आधी हसला आणि मग म्हणाला, "म्हणजे सरकार तुला पगार देतं तो पोरांना चोरून ऐकायला शिकवायचा."

सासूबाई ताटावरून मान वर न करता म्हणाल्या, "मग कशी शिकतात भाषा? मी लग्न होऊन आले तेव्हा या घरची बोली मला कुठे येत होती? सासूबाई आणि नणंदबाई माझ्याबद्दल काय बोलतात ते कळायला पाहिजे ना, म्हणून शिकले. दोन महिन्यांत शिकले. कौतुक केलं असतं त्यांनी, तर अजून शिकत बसले असते."

दुसऱ्या दिवसापासून टेकूबाईनं चित्रं खिडकीत ठेवली. मुलं ऐकणारच आहेत, तर नीट ऐकू देत, असा तिनं विचार केला. मग ती कपाटामागे बसून हळूच समजावून सांगू लागली. जाऊ म्हणजे नवऱ्याच्या भावाची बायको. हे तिनं दोन खडू, दोन पेन्सिली आणि बरेच हातवारे वापरून सांगितलं. काळ शिकवायला तर इतकं सोपं साधन तिला आयुष्यात मिळालं नव्हतं. भूतकाळ: काल जावेनं तिसरा थर चढवला. वर्तमानकाळ: आज मिस्त्री येत नाही. भविष्यकाळ: सोमवारी सर केस रंगवतील. 'जर-तर'ची वाक्यं वर्षानुवर्षं मुलांच्या गळी उतरत नसत. ती आता आपोआप उतरली. "जर दिरानं तोंड उघडलं असतं," एक जुळा कुजबुजत म्हणाला, "तर भिंत झालीच नसती," दुसऱ्यानं पुरं केलं. घंटा झाली तरी मुलं उठेनात. एक दिवस भूगोलाच्या बाई रजेवर होत्या, तर सगळ्यांची तोंडं उतरली.

गप्पी मात्र गप्पच. कपाट आणि भिंत यांच्यामधे बोटभर फट होती. ती त्या फटीशी खुर्ची लावून बसायची. टेकूबाई विचारायची, "कळतंय का?" गप्पी तिच्याकडे बघायची आणि पुन्हा फटीतून बघायची.

एका तासाला मोठ्या बाई स्वतः शिक्षकांच्या खोलीत आल्या. वर्षअखेरीचे अहवाल वर पाठवायचे होते.

"त्या गप्पीचं काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"करायचं काय?" गणिताचे सर म्हणाले. "माझ्या वर्गात दगडासारखी बसते. विशेष शाळेत पाठवा. पोरीच्या डोक्यात काही नाही हो. उगीच वर्गाच्या गळ्यात लोढणं."

"समितीपुढे ठेवू," मोठ्या बाई म्हणाल्या, आणि मग आवाज खाली आणून, "ती इथेच आहे का?"

"असू दे. तिला काय कळतंय?"

टेकूबाई कपाटामागे उभी होती. तीन पावलं पुढे जाऊन बोलायला हवं होतं. जन्मभर इतरांना 'मोठ्यानं बोला' सांगत आलेली ही बाई, पण ती जागची हलली नाही. मोठ्या बाई गेल्या. सरही गेले. मुलं खाली मान घालून बसली. समजावून सांगायची गरज आज कुणालाच नव्हती.

तेव्हा गप्पीनं तिची बाही ओढली. आवाज खरखरीत होता, पुष्कळ दिवस न उघडलेल्या खिडकीसारखा. पण इंग्रजी सरळ होतं.

"बाई, विशेष शाळेत शिक्षकांची खोली असते का?"

टेकूबाईला हसावं की रडावं कळेना. तिनं दोन्ही थोडं थोडं केलं. मग तशीच उठली आणि मोठ्या बाईंच्या दालनात जाऊन उभी राहिली.

"ती बोलली. गप्पी बोलली. आख्खं वाक्य बोलली."

"अरे वा. काय बोलली?"

टेकूबाई थांबली. खरं सांगावं, तर मुलं रोज काय ऐकतात ते बाहेर येणार, आणि कपाटामागचा कोपराही हातचा जाणार. "तिनं... एक प्रश्न विचारला."

"कशाबद्दल?"

"शाळेबद्दल."

"छानच की. पण एका प्रश्नावर समितीचं काम कसं थांबवायचं? तत्त्वतः मला मान्य आहे," मोठ्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढचा कागद ओढला.

समिती बसण्याआधी पाहणी आली. खात्यातून एक मॅडम येणार आणि इंग्रजीसाठी साहाय्य घेणाऱ्या मुलांना खास भेटणार, असा निरोप आला तेव्हा मोठ्या बाईंनी एका दिवसात चमत्कार केला. कित्येक महिने जी खोली मिळत नव्हती ती दोन तासांत रिकामी झाली. खोकी शिक्षकांच्या खोलीत, कपाटामागे गेली. खोलीत फुलझाडांच्या कुंड्या आल्या, भिंतीवर 'बोलू या' अशी रंगीत पट्टी आली. टेकूबाईला चित्रांचा नवा कोरा गठ्ठा मिळाला.

मुलांना मात्र ती खोली परकी होती. सहाही जण घाबरून बसले. मागच्या भिंतीला टेकून शिक्षक उभे राहिले, त्यांत गणिताचे सर आणि भूगोलाच्या बाई.

पाहणीच्या मॅडम आल्या त्या घाईत आणि घामाघूम. त्यांनी गठ्ठ्यातलं वरचं चित्र उचललं.

"सांगा बरं, हे काय आहे?"

पाणघोडा होता, पाण्यातला. मुलं बघत राहिली. त्यांनी त्याला कित्येक आठवड्यांत पाहिलं नव्हतं.

"कुणीच नाही?" मॅडमनी विचारलं.

मोठ्या बाईंच्या चेहऱ्याचा रंग बदलत चालला. मॅडमनी लिहिण्यासाठी एक खुर्ची ओढली. ती मुलांची, बुटकी खुर्ची. त्या बसायला गेल्या, अर्ध्यात थांबल्या, हात मागे गेला आणि तोंडातून "आई गं!" निघालं.

उंटाची मान वर झाली.

"कंबर का?" तो इंग्रजीत म्हणाला. "बसून बसून होतं ते. गरम पाण्याची पिशवी घ्या. गोळ्यांच्या नादी लागू नका, पोट जातं आणि कंबर काही येत नाही."

मॅडम त्याच्याकडे बघतच राहिल्या. "किती दिवस झाले असतील असं तुला वाटतं?" त्यांनी नकळत विचारलं.

"तुमची बसायची तऱ्हा बघता बरीच वर्षं," उंट म्हणाला.

"आज कितवी शाळा?" एका जुळ्यानं विचारलं.

"तिसरी."

"आणि गाडी?"

"गाडी कुठली? बसनं आले."

"तेच तर," दुसरा जुळा मान हलवत म्हणाला. "कामं वाढवतात, माणसं वाढवत नाहीत. वरच्यांचं काय जातंय?"

"अगदी खरं आहे रे बाबा!" मॅडम म्हणाल्या. मग त्यांचा बांध फुटला. कागद बाजूला राहिले. पाहणीला आलेल्या बाईंनी त्या बुटक्या खुर्चीत बसून त्यांचे वरचे साहेब, न मिळालेली रजा आणि दुखरी कंबर सगळं सांगितलं. मुलं अधूनमधून "मग?", "कमाल आहे!", "आणि तुम्ही ऐकून घेतलंत?" असं म्हणत राहिली. एकही प्रश्न चुकीच्या जागी पडला नाही. मागच्या भिंतीपाशी भूगोलाच्या बाई ओळखीचा शब्द कानी आला की दचकत होत्या. गणिताचे सर खिडकीबाहेर काहीतरी बघत होते. खिडकीबाहेर एक रिकामी भिंत होती.

"पण हे सगळं तुम्ही शिकलात कुठे?" मॅडमनी विचारलं.

जुळ्यांनी माना वळवून भिंतीकडे पाहिलं. मोठ्या बाई झटकन पुढे झाल्या आणि विषय बदलायला त्यांनी हाताला लागेल ते धरलं. मॅडमच्या कानाशी वाकून त्या म्हणाल्या, "ही जी वेण्यांची मुलगी आहे ना, हिचं मात्र जरा... विशेष शाळेचं चाललंय. आपण बाहेर बोलू या का?" आणि डोळ्यांनी त्यांनी मुलांकडे खूण केली.

गप्पीनं ते पाहिलं. तिनं हात झटकला. अगदी तसाच, मनगटातून.

"खुशाल बोला हो," ती म्हणाली. "आम्हाला काय कळतंय?"

त्या वाक्यात गणिताचे सर आख्खेच्या आख्खे होते, 'काय'वरच्या ठसक्यासकट. आधी भूगोलाच्या बाई फुटल्या. त्यांनी पदर तोंडात कोंबला तरी हसू आवरेना. सरांची मान खिडकीकडून वळली नाही, पण कान मागून लाल झालेले सगळ्यांनी पाहिले.

मॅडमना त्यातली गोम कळली नाही. त्यांनी गप्पीला जवळ बोलावलं. "तुला जायचंय का दुसऱ्या शाळेत?"

"नाही," गप्पी म्हणाली. "भिंत पडणार की राहणार ते अजून कळलेलं नाही. ते कळेपर्यंत मी कुठेही जाणार नाही."

आता भूगोलाच्या बाईंचं हसू थांबलं. मॅडमच्या डोळ्यांत मात्र पाणी तरळलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

अहवाल आला तेव्हा तो मोठ्या बाईंनी सगळ्यांपुढे वाचून दाखवला. या शाळेतली मुलं पुस्तकी नव्हे तर जिवंत इंग्रजी बोलतात, असं त्यात म्हटलं होतं. एका विद्यार्थिनीनं भाषेची भिंत पाडण्याविषयी काढलेले उद्गार हेलावून टाकणारे होते, असंही होतं. तिला दुसरीकडे पाठवण्याचा विचार ताबडतोब सोडावा. या पद्धतीला 'सभोवताल-संवाद पद्धत' असं नाव देऊन ती सगळ्या शाळांत न्यावी, आणि त्यासाठी अनुभवी प्रशिक्षक नेमावा.

"अनुभवी म्हणजे कोण?" ग्रंथपालानं विचारलं.

सगळ्यांत अनुभवी, म्हणजे सगळ्यांत जुने, गणिताचे सरच होते. तेव्हा नेमणूक त्यांची झाली. दर शनिवारी ते वेगवेगळ्या शाळांत जाऊन, मुलं केवळ ऐकून कशी शिकतात, यावर तीन तास बोलू लागले. जाण्याआधी त्यांनी टेकूबाईला जिन्यात गाठलं होतं.

"बाई, एक विचारू? त्या दिवसाबद्दल तुम्ही वर काही... म्हणजे आमच्या बोलण्याबद्दल...?"

"मला कुणी विचारलंच नाही, सर," टेकूबाई म्हणाली. ते खरंच होतं.

तिलाही बक्षीस मिळालं. तीच खोली, कायमची. खोक्यांविना, जाड दाराची, बाहेरचा आवाज मुळीच आत न येणारी. शिवाय चित्रांचा दुप्पट मोठा गठ्ठा. मुलं आत आली, इकडेतिकडे बघितलं आणि गप्प बसली.

"इथे काहीच ऐकू येत नाही," एक जुळा म्हणाला. दुसऱ्यानं पुढे काही जोडलं नाही.

गप्पी तर त्यांच्यात नव्हतीच. जी मुलगी असे हेलावणारे उद्गार काढते तिला साहाय्याची गरज काय, असा विचार करून तिचं नाव यादीतून काढलं होतं. बोलायला लागली म्हणून आधार गेला. लिफ्टवाला नवरा हे ऐकून म्हणाला, "आमच्यात असं नाही करत. दुरुस्त झाली म्हणून लिफ्टची तार कापत नाही कुणी."

या वेळी टेकूबाई तत्काळ मोठ्या बाईंकडे गेली आणि आवाज मुळीच खाली न आणता म्हणाली, "मला खोली नको. माझा कोपरा परत द्या. आणि ती मुलगी परत द्या."

"बक्षीस कुणी परत करतं का?" मोठ्या बाई चकित झाल्या. "तत्त्वतः—"

"तत्त्वतः नको," टेकूबाई म्हणाली. "हो किंवा नाही, एवढंच सांगा."

मोठ्या बाईंना नाही म्हणायची सवय नव्हती. बराच वेळ त्या तो शब्द शोधत होत्या. सापडला नाही तेव्हा म्हणाल्या, "मुलगी घ्या. खोलीचं तेवढं मागू नका, अहवालात आलंय."

निम्मं तर निम्मं. पण निःशब्द खोलीचं काय करायचं हा प्रश्न राहिलाच. तो सुटला आपोआप, आणि भलत्याच बाजूनं.

शिक्षकांच्या खोलीतल्या गप्पा त्या पाहणीनंतर आटल्या होत्या. कपाटामागे आता कुणी नव्हतं, पण बोलताना जो तो कपाटाकडे बघायचा आणि आवाज खाली आणायचा. कुणाच्या कंबरेची चौकशी कुणी करेना. किटली तेवढी बोलायची. एका तिसऱ्या तासाला टेकूबाईच्या जाड दारावर टकटक झाली. दारात भूगोलाच्या बाई, हातात कप.

"जरा बसू का गं इथे? तिकडे मेलं मसणात बसल्यासारखं वाटतं."

त्या बुटक्या खुर्चीवर बेतानं टेकल्या. मुलं सावरून बसली. मग उंटानं विचारलं, "जावेचं काय झालं?"

भूगोलाच्या बाईंनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. ओरडतात की काय, असं टेकूबाईला वाटलं. पण बाईंनी कप खाली ठेवला, खुर्ची पुढे ओढली आणि एक लांब श्वास घेतला.

"काय सांगू बाळांनो," त्या म्हणाल्या, "कुणी विचारतच नाही हो मला."

त्या बोलल्या ते घंटा होईपर्यंत. आता फट नव्हती, कपाट नव्हतं, आणि मुलांना मधे अडवायची मुभा होती. त्यांनी ती पुरेपूर वापरली. गप्पीनं तर दोनदा त्यांना थांबवलं. "आधी तुम्ही म्हणाला होतात की वाळूचे पैसे दिरानं दिले. आज म्हणता जावेनं. खरं कोणतं?" बाईंना आठवून सांगावं लागलं. दुसऱ्या दिवशी त्या वेळेआधीच आल्या. त्यांच्यामागून ग्रंथपालही आला. त्याच्या ग्रंथालयात बोलायची सोय नव्हती आणि घरी ऐकणारं कुणी नव्हतं.

गणिताचे सर आले नाहीत. ते आले एकदाच, दारापर्यंत. प्रशिक्षणाच्या फाइली काखेत होत्या. आतल्या गप्पा थांबल्या.

"बाई, बाहेर येता का जरा?"

टेकूबाई बाहेर गेली. दार लोटलं. सर घसा खाकरत राहिले.

"ती तुमची मुलगी. माझ्या वर्गात फार बोलते हो. गणित मांडलं की 'असंच का' म्हणून विचारते. उत्तर दिलं की 'मग तसं का नाही' म्हणून विचारते. परवा माझी वजाबाकी चुकली, तर सगळ्यांदेखत सांगितलं." त्यांनी दाराकडे बघून आवाज खाली आणला. "तिला जरा गप्प बसवायची काही पद्धत असेल, तर..."

"वजाबाकी खरंच चुकली होती का?" टेकूबाईनं विचारलं.

सर काही वेळ काखेतल्या फाइली नीट करत राहिले.

"चुकली होती," ते म्हणाले.

"मग मला नाही येत तशी पद्धत," ती म्हणाली. "तुम्ही आत येऊन बसा ना, सर. मुलं विचारत असतात तुमच्याबद्दल."

"माझ्याबद्दल? काय विचारतात?"

"या तर खरं."

सरांचा हात नकळत कानशिलावरच्या केसांकडे गेला. शुक्रवार होता. ते "शनिवारची तयारी करायचीय," असं म्हणून दोन पावलं मागे सरले, मग तिथेच घुटमळले. टेकूबाईनं दार उघडं ठेवलं आणि आत गेली. आत ग्रंथपाल आपल्या घरमालकाची कथा सांगत होता आणि एक जुळा त्याला भूतकाळ दुरुस्त करून देत होता.